घरचा प्रिंटर : कुणाच्या शब्दावर जोडावा?

आजचा विषय तसा छोटा आहे. घरच्या कॉम्प्युटरला प्रिंटर जोडायचा, एवढंच. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसानं यावर काय बोलायचं, असं काहींना वाटेल. पण या जोडणीत जो प्रश्न उभा राहतो तो आमच्याच विषयातला जुना प्रश्न आहे. एखादी गोष्ट आपल्याला स्वतःला कळत नसेल, तर कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवावा? न्यायदर्शनात ज्ञानाची चार प्रमाणं मानली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यातलं शब्दप्रमाण म्हणजे आप्ताचं वचन. आप्त म्हणजे इथे नातेवाईक नव्हे, बरं का. ज्याला त्या गोष्टीचं ज्ञान आहे आणि ते जसं आहे तसं सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. दोन्ही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. नुसता जाणकार असून भागत नाही आणि नुसता गोडबोल्या असून तर मुळीच भागत नाही. प्रिंटर जोडताना आपण तासाभरात चार-पाच जणांच्या शब्दावर चालतो. खोक्यातला कागद, कॉम्प्युटर, गूगल, फोनवरचा कुणीतरी. यातला आप्त कोण, हा आजचा प्रश्न.

त्याआधी, घरी प्रिंटर हवाच कशाला? कोपऱ्यावर झेरॉक्सचं दुकान आहे की. आहे, आणि आम्हीही तिथं जातो. पण तिथं काय होतं ते बघा. आपण आधारची पीडीएफ दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, तो ती त्याच्या कॉम्प्युटरवर उघडतो, प्रिंट काढून देतो. कागद आपल्या हातात आला, फाइल मात्र तिथंच राहिली. ई-आधारच्या फाइलला पासवर्ड असतो खरा, पण तो काय असतो? नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्माचं वर्ष. तो आपण दुकानात मोठ्यानं सांगतो, मागे चार माणसं उभी असताना. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयानं एक सूचना काढली होती. आधारची झेरॉक्स सरसकट कुणालाही देऊ नका, सार्वजनिक इंटरनेट कॅफेतल्या कॉम्प्युटरवर ई-आधार उतरवणं टाळा, अशा तिच्यात गोष्टी होत्या. लोकांचा गैरसमज होईल म्हणून सरकारनं दोनच दिवसांत ती मागे घेतली. मागे घेतली तरी त्यातली कॅफेची गोष्ट शहाणपणाची होती, असं आमचं मत आहे. बँकेचं स्टेटमेंट, डॉक्टरांचे रिपोर्ट, मृत्युपत्राचा मसुदा घरच्या घरी छापता आला तर चांगलंच. म्हणजे प्रिंटर आणणं हे मुळात सावधपणाचंच पाऊल आहे. ते उलटं पडू नये, एवढं बघायचं.

आता खोकं उघडू. आत प्रिंटर, वायर, शाईच्या बाटल्या नाहीतर कार्ट्रिज, आणि एक घडीचा कागद. हा कागद आपण सगळ्यांत आधी फेकतो. तो जपून ठेवा. कंपनीनं स्वतः छापून, खोक्यात घालून पाठवलेला तो एकमेव शब्द आहे. पुढे जिथं जिथं शंका येईल तिथं त्याच्याकडे परत यायचं आहे.

कॉम्प्युटर आणि प्रिंटर यांच्यामध्ये एक दुभाषा लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. पूर्वी प्रत्येक कंपनीचा, प्रत्येक मॉडेलचा दुभाषा वेगळा असायचा, तो सीडीवर यायचा. ती परिस्थिती आता राहिलेली नाही. २०१० मध्ये अ‍ॅपलनं एअरप्रिंट आणलं. २०१३ मध्ये कॅनन, एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्स या कंपन्यांनी मिळून मोप्रिया नावाची संस्था काढली. हेतू हा, की प्रिंटरांनी एक सामायिक भाषा बोलावी आणि वेगळा दुभाषा लागूच नये. आज बाजारात मिळणारे बहुतेक वाय-फायचे प्रिंटर ती भाषा बोलतात. खोक्यावर मोप्रिया किंवा एअरप्रिंट लिहिलेलं असतं, ते घेतानाच बघा. मायक्रोसॉफ्टनं तर २०२३ मध्ये जाहीर केलं, की कंपन्यांचे वेगवेगळे ड्रायव्हर विंडोजमधून टप्प्याटप्प्यानं बाद करत नेणार.

याचा आपल्यासाठी अर्थ असा, की पहिला प्रयत्न बाहेरून काहीही न उतरवता करायचा. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या पडद्यावरून, बटणांवरून किंवा कंपनीच्या मोबाइल अ‍ॅपवरून घरच्या वाय-फायला जोडायचा. ते अ‍ॅपही फोनच्या अधिकृत प्ले स्टोअर किंवा अ‍ॅप स्टोअरमधूनच घ्यायचं, कुणी पाठवलेल्या लिंकवरून नाही, आणि ते प्रिंटरच्याच कंपनीचं आहे ना, हे नावाखालच्या ओळीत वाचायचं. मग विंडोज ११ वर सेटिंग्ज, त्यात ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, त्यात प्रिंटर्स अँड स्कॅनर्स, आणि तिथं अ‍ॅड डिव्हाइस. मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमध्ये प्रिंटर्स अँड स्कॅनर्स. कॉम्प्युटर शोधतो, प्रिंटरचं नाव दिसतं, त्यावर टिचकी मारायची. बऱ्याच घरांत काम इथंच संपतं. स्कॅनरच्या जास्तीच्या सोयी हव्या असतील किंवा प्रिंटर जुना असेल तर कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं, तेव्हाचं तेव्हा बघू.

दुभाषा शक्यतो आणूच नये असं आम्ही का म्हणतो? कारण त्याला घराची किल्ली द्यावी लागते. ड्रायव्हर इन्स्टॉल करताना कॉम्प्युटर परवानगी विचारतो ना, आणि आपण न वाचता येस म्हणतो, तीच ती किल्ली. विंडोजमध्ये छापायची कामं रांगेत लावणारा एक कार्यक्रम असतो, स्पूलर. स्पूल म्हणजे रीळ. तो दिसायला कारकुनासारखा, पण कॉम्प्युटरमधले सर्वोच्च अधिकार घेऊन बसलेला असतो. म्हणून चोरांचं लक्ष त्याच्यावर फार जुनं आहे. इराणच्या अणुप्रकल्पापर्यंत पोचलेला स्टक्सनेट हा व्हायरस २०१० मध्ये उघडकीला आला. तो ज्या फटींतून पसरला त्यांतली एक या स्पूलरमधली होती. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा तशीच मोठी फट सापडली, तिला लोकांनी प्रिंट नाइटमेअर असं नाव दिलं. मायक्रोसॉफ्टला नेहमीच्या तारखेची वाट न बघता दुरुस्ती काढावी लागली. विंडोज ७ ला नेहमीची मदत २०२० च्या जानेवारीतच बंद झाली होती, तरी त्यासाठीसुद्धा काढली. त्यानंतर ऑगस्टपासून ड्रायव्हर इन्स्टॉल करायला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा अधिकार लागेल असा नियम केला. कॉम्प्युटर परवानगी विचारतो तेव्हा आपल्याला कटकट वाटते, पण त्या प्रश्नामागे एवढा इतिहास आहे. विंडोजचे अपडेट वेळच्या वेळी होऊ द्या, ते याचसाठी.

आणि कंपनी खरी असली तरी धोका शून्य होत नाही. २०२५ च्या मे महिन्यात प्रोकलर्ड या कंपनीच्या प्रिंटरांचं सॉफ्टवेअर तिच्या अधिकृत डाउनलोडमध्येच व्हायरससकट सापडलं. जी डेटा या जर्मन सुरक्षा कंपनीनं ते तपासून दाखवलं, मग कंपनीनं फाइली काढून घेतल्या. आप्ताची दुसरी अट तिथं पुरी होती, पहिली नव्हती. हेतू वाईट नसेल, पण आपण काय देतो आहोत याचं ज्ञान नव्हतं. अशा वेळी कॉम्प्युटरमधला अँटीव्हायरस ओरडला आणि कुणी म्हणालं, 'तो तात्पुरता बंद करा, सॉफ्टवेअर आपलंच आहे,' तर ऐकायचं नाही.

बरं, सगळं नीट केलं आणि तरी प्रिंटर जोडलाच जात नाही. हे फार वेळा होतं. त्याचं एक कारण इतकं साधं आहे की ते कळलं असतं तर पुष्कळांचे पैसे वाचले असते. घरच्या राउटरमधून हल्ली दोन प्रकारच्या लहरी निघतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. स्वस्तातले बरेच प्रिंटर फक्त २.४ वाली लहर ओळखतात. फोन किंवा लॅपटॉप ५ वर असतो, प्रिंटरला ती दिसतच नाही, आणि पडद्यावर नुसतं 'कनेक्ट होऊ शकत नाही' असं येतं. कारण कोणी सांगत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्हींना वेगवेगळी नावं देता येतात. तशी दिली की प्रिंटर आणि जोडणी करणारा फोन दोघांनाही जोडणीपुरतं २.४ च्या नावावर आणायचं. नेट देणाऱ्या माणसाला सांगितलं तर तो पाच मिनिटांत करून देतो. दुसरं कारण, प्रिंटर पाहुण्यांसाठीच्या गेस्ट नेटवर्कवर जोडलेला असतो. तिथली यंत्रं एकमेकांना दिसू नयेत अशीच बहुधा व्यवस्था असते. तिसरं, काल चालणारा प्रिंटर आज ऑफलाइन दाखवतो. तेव्हा आधी राउटर बंद करून चालू करायचा, मग प्रिंटर, मग कॉम्प्युटर. हा उपाय हास्यास्पद वाटतो, पण चालतो.

एवढं करूनही नाही जमलं, तर तो क्षण धोक्याचा. संध्याकाळचे सात वाजलेले, नातवाचा प्रोजेक्ट उद्या द्यायचा, घरात आवाज चढलेले. अशा वेळी आपण गूगलवर प्रिंटरचं नाव लिहून पुढे 'कस्टमर केअर' किंवा 'ड्रायव्हर' टाइप करतो. वरती जे येतं त्यावर बारीक अक्षरांत 'प्रायोजित' लिहिलेलं असतं. म्हणजे ती जागा कुणीतरी पैसे देऊन घेतली आहे. वर दिसतो तो जाणकार, असं आपण अनुमान करतो, आणि ते अनुमान चुकीचं आहे. पैसे दिल्यानं पहिली अट पुरी होत नाही आणि दुसरी तर नाहीच.

पुढचा प्रकार ठरलेला असतो. तिथं कंपनीचा लोगो, प्रिंटरचं चित्र, मॉडेल नंबर लिहायला एक चौकट. नंबर लिहिला की एक पट्टी हळूहळू भरत जाते आणि शेवटी लाल अक्षरांत 'एरर' येतो, खाली फोन नंबर. ती पट्टी म्हणजे नुसतं चित्र असतं, ड्रायव्हर वगैरे काही येत नसतं. आपण फोन करतो. पलीकडचा माणूस अतिशय नम्र, 'सर', 'मॅडम' म्हणणारा. तो एक छोटं अ‍ॅप घ्यायला सांगतो, एनीडेस्क, टीमव्ह्यूअर असं काही. ही अ‍ॅप्स स्वतः वाईट नाहीत, ऑफिसांमध्ये रोज वापरली जातात. त्यांचं काम एवढंच की दुसऱ्याला दुरून आपला पडदा दिसावा आणि चालवताही यावा. तो नऊ-दहा आकडे विचारतो, आपण सांगतो, 'अ‍ॅक्सेप्ट' दाबतो. आता तो घरात आहे. मग तो काळ्या पडद्यावर काही इंग्रजी ओळी पळवून दाखवतो, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहेत म्हणतो, दुरुस्तीचे पैसे मागतो. आपण त्याच्या डोळ्यांदेखत बँकेचं पान उघडतो, किंवा फोनवर ओटीपी येतो तो त्यालाही दिसतो. २०१९ च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेनं अशा दूरनियंत्रणाच्या अ‍ॅपमधून होणाऱ्या चोऱ्यांबद्दल बँकांना इशारा दिला होता. इतकी वर्षं झाली, युक्ती तीच आहे, निमित्तं बदलतात. कधी वीजबिल, कधी केवायसी, कधी प्रिंटर.

खऱ्या कंपनीचा मदतनीस कसा ओळखायचा? आवाजावरून नाही. नंबर आपल्याला कुठून मिळाला, यावरून. खोक्यातल्या कागदावरून मिळाला असेल तर ठीक. इंटरनेटवरचा पत्ता वापरायचा असेल तर तो वाचायला शिकलं पाहिजे, आणि मराठी माणसाला ते सोपं जावं. आपण नाव कसं लिहितो? आधी स्वतःचं, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. इंटरनेटचा पत्ताही तसाच. पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी जे शेवटचे दोन शब्द असतात ते त्याचं आडनाव. १२३ डॉट एचपी डॉट कॉम, यात आडनाव एचपी डॉट कॉम, म्हणून हे एचपीच्या घरचं. सपोर्ट डॉट ब्रदर डॉट कॉम, आडनाव ब्रदर डॉट कॉम. पण कुणी एचपी, मग छोटी आडवी रेघ, मग १२३, पुन्हा रेघ, मग सेटअप डॉट कॉम असं लिहिलं, तर ते सगळं मिळून एकच वेगळं आडनाव झालं. एचपीशी त्याचं काही नातं नाही. देशपांडे आणि देशमुख यांची सुरुवात सारखी असते म्हणून घर एक होत नाही. [हशा] शेवटी डॉट सीओ डॉट इन असेल तर आडनाव तीन शब्दांचं धरायचं, जसं एपसन डॉट सीओ डॉट इन.

आता या नियमालाही अडचणी आहेत, त्या लपवून चालणार नाही. एपसननं जोडणीसाठी एपसन डॉट एसएन असा छोटा पत्ता ठेवला आहे. एसएन हे सेनेगल देशाचं चिन्ह. पाहणाऱ्याला वाटेल हे नक्की बनावट, पण ते खरं आहे. कॅननचा पत्ता आयजे डॉट स्टार्ट डॉट कॅनन, त्याच्या शेवटी कॉमही नाही. म्हणजे नुसता पत्ता बघून प्रत्येक वेळी ठरवता येईलच असं नाही. म्हणून पुन्हा त्या घडीच्या कागदाकडे यायचं, त्यावरचा पत्ता अक्षर न् अक्षर बघून वरच्या पट्टीत स्वतः टाइप करायचा. शोधायचा नाही, टाइप करायचा. कागद हरवला असेल तर प्रिंटरच्या पाठीवर किंवा झाकणाच्या आत पत्ता असतो का बघा, नाहीतर ज्या दुकानातून घेतला तिथं जाऊन विचारा. शेजारचा कॉलेजमधला मुलगा आला तरी त्यालाही हाच कागद द्या. तोही बहुधा आधी गूगलच उघडतो.

समजा, कुणाच्या घरी पडदा दिला गेलाच. तर त्या माणसाशी वाद घालत बसू नका, तो वेळच काढत असतो. आधी वाय-फाय बंद करा, नाहीतर राउटरचं बटणच बंद करा. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, कार्डाच्या मागचा नंबर लावून. मग १९३० लावा, ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर लेखी करता येते. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या यंत्रावरून, त्याच कॉम्प्युटरवरून नाही. तो कॉम्प्युटर जाणकाराकडून साफ होईपर्यंत नेटला जोडू नका. आणि घरातल्या ज्येष्ठाकडून हे घडलं असेल तर त्याला रागावू नका हो. रागाच्या भीतीनं माणसं दोन दिवस सांगत नाहीत, आणि तेच दोन दिवस महत्त्वाचे असतात.

प्रिंटर जोडून झाला, पान छान आलं. एक काम राहतं. प्रिंटर हा स्वतःच एक छोटा कॉम्प्युटर आहे आणि त्याला स्वतःचा पासवर्ड असतो. २०१८ च्या नोव्हेंबरअखेर जगभरच्या हजारो प्रिंटरांतून, करणाऱ्याच्या म्हणण्यानुसार ५० हजारांतून, आपोआप कागद बाहेर पडले. त्यावर एका यूट्यूबरचं चॅनल सबस्क्राइब करा असं लिहिलं होतं. ते प्रिंटर थेट इंटरनेटवर उघडे होते, एवढाच त्यांचा दोष. थट्टेवारी गेलं, पण ज्याला कागद छापता येतो त्याला आणखीही काही करता आलं असतं. २०२५ च्या जूनमध्ये रॅपिड सेव्हन या कंपनीनं दाखवून दिलं, की ब्रदरच्या शेकडो मॉडेलांचा मूळ पासवर्ड प्रिंटरच्या सीरियल नंबरवरून काढता येतो. उपाय म्हणून कंपनीनंही तो पासवर्ड बदलून टाकायलाच सांगितलं.

तो बदलायचा कसा? प्रिंटरच्या मेनूतून नेटवर्कची माहिती छापून घ्या. त्यात १९२ डॉट १६८ नं सुरू होणारा एक आकडा असतो. तो कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये टाइप केला की प्रिंटरचं स्वतःचं पान उघडतं. ब्राउझर इथं सुरक्षेचा इशारा देईल. एरवी आम्ही त्याचं ऐका म्हणतो, पण हा आपल्याच घरातला आपणच छापलेला पत्ता आहे, म्हणून इथे पुढे जायला हरकत नाही. त्या पानावर अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला. वाय-फाय डायरेक्ट नावाची सोय वापरत नसाल तर बंद करा, काही मॉडेलांत तिचा मूळ पासवर्ड १२३४५६७८ असा असतो. बाहेरगावाहून ईमेलनं छापण्याची सोय असेल तीही गरज नसेल तर बंद. राउटरमध्ये यूपीएनपी नावाचं बटण असतं, ते घरातल्या यंत्रांना परस्पर बाहेरचं दार उघडू देतं. नेटवाल्याकडून तेही बंद करून घ्या.

चिठ्ठ्या आल्या आहेत. एक ताई विचारतात, वाय-फाय न वापरता वायरनं जोडला तर हे सगळं टळेल का? बरंचसं टळेल. घरात एकच कॉम्प्युटर असेल आणि तो प्रिंटरशेजारीच असेल तर यूएसबीची वायर उत्तम. प्रिंटर नेटवर जाणारच नाही, मग त्याच्या पासवर्डची काळजी नाही. कॉम्प्युटरमधला स्पूलर आणि ड्रायव्हर मात्र तेच राहतात, म्हणून अपडेट हवेतच. फोनवरून सहज छापणं जाईल, हा तोटा.

दुसरी चिठ्ठी, जुना प्रिंटर भंगारवाल्याला द्यायचा आहे, काही करावं लागतं का? हो. त्याच्या पोटात तुमच्या वाय-फायचा पासवर्ड असतो, कधी स्कॅन पाठवायचे ईमेल पत्तेही. मेनूमध्ये फॅक्टरी रीसेट किंवा रिस्टोअर डिफॉल्ट्स असतं, ते करा, मग द्या. प्रिंटर बंद पडला असेल आणि रीसेट होतच नसेल, तर घरच्या वाय-फायचा पासवर्ड बदला. आणि देण्याआधी स्कॅनरचं झाकण उघडून काचेवर बघा. आधार कार्ड तिथंच राहिलेलं असतं.